आत्याची ओळ

४ डिसेंबर १९८३, रविवार

आत्या परवापासून आमच्याकडे. कानांसाठी आली आहे. सगळा जन्म विंचूरच्या डाळमिलमध्ये यंत्राशेजारी बसून डाळ निवडली, आता कान त्याचं उट्टं काढतायत. काल कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली. शीर सुकत चालली आहे म्हणाले. मशीन बसवलं तर थोडा उपयोग होईल, पण आहे ते टिकेलच असं नाही.

घरी चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "शालू, पार बहिरी व्हायच्या आधी माझी ओळ ऐकव मला."

प्र. हसले. (प्र. म्हणजे आमचे हे. चारचौघांत नाव घेत नाही, वहीत तरी घेऊ दे.) मीही हसले. आत्याच्या ओळीला हसायची आमच्या घराची रीतच आहे. रात्री पोळ्या लाटताना मात्र वाईट वाटलं.

५ डिसें.

शाळेत पर्यवेक्षण होतं, मुलं लिहीत बसली आणि मी ओळीचा विचार करत.

अण्णांच्या आंबेडकरी जलशाची एकच रेकॉर्ड निघाली. मुंबईला जाऊन भरलेली, छोटी, पंचेचाळीस स्पीडची. लेबलवर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव आणि पुढे 'आणि पार्टी'. गाणं 'पाटी घे पोरी, पाटी घे.' शेवटच्या कडव्याआधी त्यात लग्न झालेली पोर एकटीच एक ओळ म्हणते. नेमकी तिथे चीर पडली आहे. कुठल्याशा जयंतीला लाउडस्पीकरवाल्याच्या हातून पडली. सुई तिथे 'टक्' करते आणि थेट पुढच्या कडव्यात जाऊन पडते. वस्तीने गाणं रेकॉर्डवरूनच पाठ केलं, त्यामुळे वस्ती ते उडीसकट म्हणते. 'टक्'च्या जागी सगळे टाळी देतात. मुलांना वाटतं टाळी चालीतलीच. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

आत्या म्हणते, ती उडालेली ओळ माझी. अण्णा म्हणायचे, सुदामची. सुदाम पार्टीतला पोरगा, लुगडं नेसून बायकांची कामं करायचा. जलशात तेव्हा बाया नसत. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली, सुदाम तर कधीच गेला. राहिली आत्या, आणि तिला तिची सूनसुद्धा चिडवते: "आमच्या आत्याबाई रेडिओ स्टार."

७ डिसें.

आत्याला नीट विचारलं. म्हणजे जवळ बसून, मोठ्याने. तिने सांगितलं ते असं. मुंबईला पार्टीबरोबर ती भाकरी करायला गेली होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी सुदामचा आवाज फुटला. वयच तसं त्याचं. अण्णांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, तू म्हण.

"मी म्हनलं, माझ्या सासूला कळलं तर घरात घ्यायची नाय. त्यात शबूद कसले, तर 'सासूबाई सांगते सरळ, शाळा मी सोडायची नाय'. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. अण्णा म्हनला, कुनाला सांगनार नाय. सुदामचं नाव सांगू."

"मग सासू गेल्यावर तरी सांगायचं अण्णांनी."

"इसरला असंल."

अण्णा विसरणाऱ्यातले नव्हते. कुणाच्या लग्नात कुणी किती पोळ्या वाढल्या ते त्यांना आठवायचं. मला त्यांचा राग आला आणि गेलेल्या माणसाचा राग आला म्हणून स्वतःचाही. ठरवलं, ओळ काढायची. कॅसेटवर स्वच्छ भरायची.

११ डिसें., रविवार

पहिला प्रयोग. अण्णांचा प्लेअर टेबलावर, समोर आमचा टू-इन-वन, खिडक्या बंद, प्र.ना न खोकण्याची ताकीद. भरून ऐकलं. कॅसेटवर आलं ते येणेप्रमाणे: पावसासारखी सलग खरखर, तिच्या आडून अण्णा, शेजारच्या कुकरची शिट्टी, दुसऱ्या कडव्यावर कोथिंबीरवाला, आणि शेवटी प्र.चं दाबून धरलेलं खोकणं. 'टक्' मात्र खणखणीत. आत्याने सवयीने टाळी दिली.

उद्या ती परत विंचूरला जाते. पिशवी भरताना म्हणाली, "घाई नाय. पन लय उशीरबी नको."

१८ डिसें., रविवार

रेकॉर्ड धुतली. सुचवलं कुणी नाही, माझंच डोकं. रिठ्याचा फेस, जुनी मऊ चिंधी, गोल गोल हात. रेकॉर्ड काळीभोर चकाकायला लागली. पदराने कोरडी केली, लावली. खरखर दुप्पट. आता तर चुरचुर, कढईत मोहरी तडतडावी तशी.

प्र. म्हणाले, "आधी घाण होती, आता स्वच्छ घाण आहे."

दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

२४ डिसें.

जुन्या नाशकात शफीभाई आहेत, रेडिओ-टेप दुरुस्त करतात. शाळेचा लाउडस्पीकर तेच बघतात. रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरून म्हणाले, "टीचर, ये रेकॉर्ड है की सायखेडा रस्ता?"

मग चौकशी. पाणी कुठलं? म्हटलं, बोअरचं, इंदिरानगरात आमच्याकडे दुसरं कुठलं. त्यांनी मान हलवली. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरी पुटं चढतात, डाळ शिजत नाही, आणि तेच पाणी मी रेकॉर्डच्या चरांत सुकू दिलं. प्रत्येक चरात मिठाचा खडा बसलेला. शिवाय पुसली कशाने, तर टेरिलिनच्या पदराने. त्याने रेकॉर्डला करंट येतो आणि घरभरची धूळ तिच्यावर धावते.

"आता काय करायचं?"

"फिर से धोना. उकळून गार केलेलं पाणी, नदीचं नळाला येतं ते. सुती कपडा. आणि टीचर, गोल-गोल जसं लिहिलंय तसंच पुसा, आडवं नको."

म्हणजे जशी अक्षरं तसा हात. चौथीच्या मुलांना मी हेच सांगत असते.

८ जाने. ८४, रविवार

गेला आठवडा रेकॉर्डची अंघोळ. पंचवटीतल्या मावसबहिणीकडून नळाचं पाणी कळशीने आणलं. रिक्षावाल्याने विचारलं, गंगेचं का? म्हटलं हो, तीर्थच आहे, घरात एक काळा देव धुवायचाय. तो गंभीरपणे गप्प झाला. बौद्धाच्या घरच्या बाईने असं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

मोहरी थांबली. पाऊस आहे अजून.

१५ जाने.

शफीभाईंनी नवी सुई मागवून बसवली. जुनी भिंगाखाली दाखवली, टोक नांगराच्या फाळासारखं झिजलेलं. इतकी वर्षं आम्ही गाणं ऐकत नव्हतो, नांगरत होतो. प्लेअर आणि टेप आता वायरने थेट जोडले, मध्ये हवाच नाही. कोथिंबीरवाल्याला आता प्रवेश बंद.

संध्याकाळी भरून पाहिलं तर व्होल्टेज पडलेलं. अण्णांचा आवाज जड, ओढल्यासारखा, शेवटच्या आजारात होता तसा. मी बटण बंद केलं. शफीभाईंना कळलं असावं. म्हणाले, "रविवारी सकाळी या. व्होल्टेज भरपूर असतं."

२२ जाने., रविवार

आज आली.

सगळं लिहिते. उडीचं करायचं काय, यावर शफीभाईंचे दोन तास. सुईच्या डोक्यावर पाच पैशांचं नाणं चिकटवलं. तरी उडी. दोन नाणी. उडी. मग प्लेअरच्या एका पायाखाली मी पर्समधली डबी सरकवली, अशी की सुई मागच्या बाजूला कलावी. ते म्हणाले, काही होणार नाही. मी म्हटलं, सायकलवर उतारात आपण मागे झुकतोच ना. लावली.

'पाटी घे पोरी, पाटी घे', आणि 'टक्' झालंच नाही. खरर्र करून सुई चिरेवरून गेली आणि त्या खरखरीतून एक बारीक आवाज आला. पूर्ण ओळ. दुकानात मी सवयीने टाळी दिली होती, हात तसेच जोडलेले राहिले.

मी बत्तीस वर्षांची आहे आणि हे गाणं मी आज पहिल्यांदा ऐकलं.

शफीभाई खूश, पण कुरकुरलेच. "बाकी सब सामने से है, ये लाइन लांबून येते. भरणाऱ्याचीच चूक." मी म्हटलं, झिजली असेल. असो. भरलं कॅसेटवर. खरखर खूप आहे. आत्याला हे ऐकवून उपयोग नाही, तिच्या कानात आधीच चक्की चालू असते म्हणते.

५ फेब्रु., रविवार

शफीभाईंनी वायरीत एक कंडेन्सर टाकला आहे, त्याने वरचे बारीक आवाज गळतात. खरखर ही सगळी बारीकच. त्यांनी भरलेली कॅसेट घरी लावली. जादू. पाऊस थांबला. अण्णा स्वच्छ, गोल, जरा घोंगडीतून आल्यासारखे, पण स्वच्छ. ओळही स्वच्छ.

दुपारी पगारे काकांना बोलावलं. काका अण्णांच्या पार्टीत ढोलकीला. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र टायफॉइडने झोपलेले, मुंबईला गेलेच नव्हते. ऐकताना ढोलकीवाल्याला दोन शिव्या दिल्या, मग ओळ आली आणि म्हणाले, "सुदाम. बघा, सुदामच. काय पोरगा होता."

"काका, आत्या म्हणते—"

"तुझी आत्या माझी बहीणच आहे, पोरी. पण पोराचा आवाज मला कळतो की नाही?"

पुन्हा लावली. आणि खरं लिहायचं तर मलाही कळेना. आवाज कुणाचाही असू शकतो. चौदा वर्षांच्या पोराचा, तिशीतल्या बाईचा. इतका खटाटोप करून मी सुदामचीच ओळ काढली की काय?

काका जाताना दारात म्हणाले, "तिला कशाला दुखवतेस? खरखर होती तेच बरं होतं. तिला वाटत होतं ना तिचीच, वाटू द्यायचं."

८ फेब्रु.

आत्याचं कार्ड, नातीच्या अक्षरात. ओळ निघाली का, विचारलं आहे. डाव्या कानाने आता फोडणीचा आवाज येत नाही, मोहरी करपते म्हणते.

उत्तर लिहिलं नाही.

१९ फेब्रु., रविवार

कॅसेटी नीट लावायला घेतल्या. 'पाटी घे'च्या आता दोन: एक स्वच्छ, एक कंडेन्सरआधीची पहिली, पावसाची. पहिलीवर शाळेच्या संमेलनातल्या नाटिकेचे आवाज भरावेत असा विचार होता. पुसण्याआधी एकदा लावली. मी भाजी निवडत होते, लक्षही नव्हतं.

ओळ आली आणि मी विळीवरून उठले.

'सासूबाई'ला शीळ आहे. 'सांगते'ला आहे. 'सरळ'ला आहे. प्रत्येक 'स' बरोबर दातातून निसटलेली बारीक शीळ.

आत्याचा पुढचा दात लहानपणी हापशावर पडून अर्धा तुटला होता. सुटीत विंचूरला गेलो की आम्ही सगळी पोरं तिच्यामागे लागायचो, आत्या, 'ससा' म्हण. ती म्हणायची आणि आम्ही लोळायचो. गेली काही वर्षं कवळी आहे, शीळ गेली, आणि मी ती साफ विसरले. डिसेंबरात कवळी आमच्या वाटीत पाण्यात ठेवलेली होती, प्र. दचकले होते, तेव्हाही आठवलं नाही.

शफीभाईंच्या कंडेन्सरने खरखर गाळली तशी शीळही गाळली. शीळ आणि खरखर एकाच पोत्यातली. एक टाकली की दुसरी जाते.

प्र.ना ऐकवलं. कधी नव्हे ते चिडवलं नाही. म्हणाले, "ही आत्याच आहे गं." मला रडू आलं. आलं तर आलं.

२० फेब्रु.

शाळेतून परस्पर पगारे काकांकडे, टू-इन-वन पिशवीत घालून. काकांनी ऐकलं. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा ऐकताना मांडीवर ठेका धरला होता तो थांबला.

म्हणाले, "तुझ्या बापाने माझ्याशीसुद्धा खोटं बोलावं?"

मी म्हटलं, "त्यांनी आत्याला शब्द दिला होता."

"शब्द तिला दिला ना. मग तिची ओळ तरी तिला परत द्यायची."

काकी चहा घेऊन आल्या, काकांनी घेतला नाही.

२६ फेब्रु.

शफीभाईंना सांगितलं. जरा लागलं त्यांना, कंडेन्सरवर मेहनत होती. "मतलब मैंने आपकी फूफी को निकाल दिया?" मग म्हणाले, मधलं काहीतरी करू, थोडं गाळू थोडं ठेवू. तीनचार कंडेन्सर बदलून पाहिले. पाऊस थोडा कमी होतो, शीळ थोडी कमी होते. प्रत्येक वेळी मी म्हणायची, नको, ती कमी झाली. शेवटी त्यांनी सोल्डरिंगची इस्त्री बाजूला ठेवली. "तो फिर बारिश के साथ ही लो."

पावसासकट घेतली. चिरेवरचा खरर्र मात्र त्यांनी टेप कापून, सांधून निम्मा केला. त्याला बोट लावू दिलं.

११ मार्च, रविवार. विंचूरहून परत, एस.टी.त लिहिते आहे, अक्षर हलतंय

वाईट गेलं. की चांगलं? दोन्ही.

रतन (आत्याचा मुलगा), मंगल (सून), पोरं, सगळे ओट्यावर. आत्याला टेपच्या अगदी जवळ बसवलं. गाणं सुरू झालं. पोरं सवयीने टाळीला हात घेऊन बसली आणि टाळीच्या जागी ओळ आली.

रतन उठला. तो गव्हाच्या पोत्यासारखा माणूस, कधी कशाने हलत नाही. म्हणाला, "आये, ही तर तू हायेस. मला सोन्या सोन्या करून हाक मारायची तशीच." आणि अंगणात जाऊन उगाच म्हशीला पाणी दाखवत राहिला. मंगलने पदर तोंडाला लावला. आजवर तीच चिडवत आली होती. शेवटी आत्याच्या पाया पडली. आमच्यात सणावाराखेरीज कुणी पडत नाही.

आत्या मात्र टेपकडे बघत होती. म्हणाली, "परत लाव." लावली. "आवाज मोठा कर." केला.

मग अगदी शांतपणे म्हणाली, "हा मी नाय. हा सुदाम हाय."

सगळे एकदम बोलायला लागले, नाही आत्या, ऐक, तो 'स' ऐक. ती मान हलवत राहिली. "माझं मला कळंना व्हय? जाड लागतोय आवाज. पोराचा हाय. अण्णाचंच खरं व्हतं. मलाच इतकी वरीस वाटत राह्यलं."

इतकी वर्षं कुणी मानत नव्हतं तेव्हा ती हटून होती. आज सगळ्यांनी मानलं आणि तिने सोडून दिलं. निघताना मला पोहे बांधून दिले आणि म्हणाली, "तुला लय तरास झाला गं माझ्यापायी."

२० मार्च

एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. ती उतरती रेघ पुन्हा काढली त्यांनी. बारीक, टोकदार आवाज आधी जातात म्हणाले. स, श, पाखरं, बांगड्या. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. म्हणजे तिच्या कानांतच तो कंडेन्सर बसला आहे. आम्हाला शिळेवरून ती ओळखू आली आणि शीळच तिला ऐकू येत नाही. मशीनने परत येईल का? "थोडं. सांगता येत नाही. लवकर बसवा." रतनला निरोप धाडला. एप्रिलमध्ये घेऊन येतो म्हणतो.

मला वाटलं होतं, रेकॉर्डवरची खरखर हीच काय ती अडचण.

१४ एप्रिल

जयंती. आत्या कालच आली. मंडपात मंडळाच्या पोरांना कॅसेट दिली, पावसाची. त्यांनी आधी नाक मुरडलं, ताई, खराब आहे. म्हटलं, अशीच लावा.

मिरवणुकीआधी लावली. सगळी वस्ती म्हणत होती, 'पाटी घे पोरी, पाटी घे', आणि सवयीने सगळ्यांची टाळी. टाळीच्या आत ओळ सुरू झाली. माणसं गडबडली. काहींनी टाळीनंतर पुढचं कडवं धरलं, स्पीकरवर वेगळंच चाललेलं. मग हळूहळू सगळे गप्प झाले आणि ओळ उरली.

पगारे काका खुर्चीवरून उठले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. बायकांत बसलेल्या आत्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले, "जयभीम, बहिणाबाई. आम्ही चुकलो." आत्याने जयभीम घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे काय म्हनत्यात?" मी कानात ओरडून सांगितलं. "त्यांना सांग, सुदामचं गानं हाय ते," म्हणाली.

काका ऐकत होते. परत जागेवर गेले.

१६ एप्रिल

प्र. म्हणतात, आता सोड. सगळ्यांना कळलं ना, झालं. म्हटलं, सगळ्यांसाठी काढली होती का? तिच्यासाठी काढली. ते म्हणाले, "मग मशीनची वाट बघ." बरोबर आहे त्यांचं. मशीनसाठी कानाचं माप दिलं आहे, पुढच्या आठवड्यात येईल. मला धीर निघत नाही एवढंच.

२२ एप्रिल, रविवार, दुपार

आत्ताच झालं ते लिहिते, आत्या समोरच आहे.

जेवणं झाली. कवळी टोचते म्हणून तिने काढून ठेवली. मी भांडी आवरत होते, टेप चालू, सहज, 'पाटी घे'. ती लसूण सोलत उभी होती टेबलाशी. ढोलकी तिला कळते, बोटं ठेक्यावर सालं टाकत होती.

ओळ जवळ आली आणि ती मागे सरकली. लसूण हातात, डोळे खाली, एक पाऊल, आणखी एक, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. ओळ झाली, पुढचं कडवं सुरू झालं, तशी परत टेबलाशी आली. आपण काही केलं हे तिच्या गावीही नव्हतं.

मी टेप मागे नेली. पुन्हा लावली. पुन्हा दारापर्यंत गेली.

"आत्या, मागे का गेलीस?"

"कुठं?"

"आत्ता. ओळ आली तेव्हा."

तिने दाराकडे पाहिलं, मग पायांकडे. "सायेब सरकवायचा ना," म्हणाली. "तिथला रेकाडवाला. बाई, तुमची शिट्टी येतीय, मागं व्हा. आजून मागं. पार दाराला टेकवली मला. तितून वरडून म्हनली मी."

मी ओल्या हातांनी तशीच उभी. शफीभाई जानेवारीतच म्हणाले होते, ही ओळ लांबून येते. मी म्हटलं होतं, झिजली असेल.

तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "सुदाम कुठे उभा राहायचा?"

"तो? त्यो पुढंच. त्याला कशाला कोन मागं सारील, त्याची शिट्टी कुठं यायची." म्हणाली आणि थांबली. लसणाची पाकळी बोटांत तशीच. बोळक्या तोंडाने हळूच 'सासूबाई' म्हणून पाहिलं, ओठांसमोर तळहात धरून. शीळ आली नाही, दातच नाहीत. नुसती फुंकर.

"शालू," म्हणाली, "ती वळ लांबून येती का गं? खरं सांग."

"लांबून येते, आत्या."

"दारातून?"

"दारातून."

पुन्हा लाव म्हणाली. मी बटण दाबलं आणि लाइट गेली. रविवारी दुपारी कधी जात नाही, आज गेली. मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे. ती टेपजवळ आलेली नाही. दाराला टेकून उभी आहे, लाइट यायची वाट बघत.